शिसं ओतायची पळी

वितळलेलं शिसं भगुन्यातून उचलून साच्याच्या भोकात सोडायला जी लोखंडी, लांब दांड्याची आणि बहुतेक वेळा चोच असलेली पळी वापरतात ती ही. मराठवाड्यात तिचं आजचं काम म्हणजे फेकजाळ्याच्या काठाला लावायच्या शिशाच्या गोळ्या ओतणं, पूर्वी तोड्याच्या (पेटत्या वातीनं उडवायच्या) आणि ठासणीच्या बंदुकीच्या गोळ्याही अशाच पळीनं ओतल्या जायच्या. परदेशात नेमबाजीचा नाद असलेले लोक घरी गोळ्या ओततात, त्यांच्यात कोणती पळी चांगली यावर वाद संपत नाहीत, त्या वादातलं आपल्या कामाचं तेवढं खाली घेतलंय. पूजेची पळी, फोडणीची पळी आणि ही पळी एकाच कुळातल्या, पण एकदा शिशात बुडलेली पळी परत आमटीत जात नाही.

नाव. पळी हा शब्द संस्कृत ‘पल’ या वजनाशी जोडायची पद्धत आहे, म्हणजे एक पल द्रव ज्यात मावतो ते भांडं. तेलातुपाचं माप म्हणून पळी वापरायचे त्यामुळे हे पटण्यासारखं आहे, पण उलटही म्हणता येतं की भांडं आधीपासून होतंच आणि मापाचं नाव त्याला मागून चिकटलं. प्रस्तुत नोंदीचा कल पहिल्या मताकडे आहे. आयुर्वेदात पल आज साधारण ४८ ग्रॅम धरतात, तेवढं पाणी मावणाऱ्या पळीत वितळलेलं शिसं भरलं तर ते अर्ध्या किलोच्या वर जातं कारण शिसं पाण्याच्या अकरा पट जड (घनता ११.३४, वितळल्यावर थोडी कमी). म्हणजे दिसायला तीच पळी पण मनगटाला लागणारी वेगळी, आणि नवखा माणूस पहिल्यांदा पळी उचलतो तेव्हा त्याचा हात खाली जातो तो यामुळे.

रसशास्त्राच्या (धातूंपासून औषधं करायच्या आयुर्वेदाच्या शाखेच्या) ग्रंथांत अशा पळीला ‘दर्वी’ हा शब्द येतो आणि लोखंडाची असली तर ‘लोहदर्वी’. आपल्याकडचे डाव, डवली हे शब्द काही जण दर्वीपर्यंत नेतात, काही जण देशी मानतात. तिथे शिशाला ‘नाग’ म्हणतात आणि कथलाला ‘वंग’, नागाच्या शोधनात (शुद्ध करण्यात) शिसं वितळवून तेल, ताक, गोमूत्र, कांजी, कुळथाचा काढा अशा द्रवांत सात-सात वेळा ओततात, याला ‘ढालन’ म्हणतात. आता गरम शिसं पातळ द्रवात ओतलं की ते उडणारच, म्हणून द्रवाच्या भांड्यावर मधोमध भोक असलेलं झाकण ठेवायचं आणि त्या भोकातून ओतायचं, याला पिठर यंत्र म्हणतात. पळीला चोच का पाहिजे ते इथंच कळतं, रुंद तोंडाच्या डावानं रुपयाएवढ्या भोकात धार धरता येत नाही. तेव्हा चोचीची पळी बंदुकीबरोबर आली असं जे सरसकट बोललं जातं ते जपून घ्यावं, गरज त्याच्या बरीच आधीची असावी. रसरत्नसमुच्चय हा या विषयातला मोठा ग्रंथ साधारण तेराव्या शतकातला मानतात.

मराठवाड्यात शिसं आलं कुठून. सातवाहनांची शिशाची नाणी प्रसिद्ध आहेत. पैठण (प्रतिष्ठान), तेर (तगर) आणि भोकरदन (भोगवर्धन) ही त्या काळातली इथली मोठी गावं. नाणी बरीचशी ठशानं उठवलेली आहेत आणि काही साच्यात ओतलेली, पण ठसा उठवायलाही आधी चकती लागते आणि चकतीसाठी शिसं कुठूनतरी उचलून ओतावंच लागतं, मग ती मूस असो नाहीतर पळी.

हे शिसं बाहेरचं की इथलं यावर जुना वाद आहे. पेरिप्लस हे ग्रीक प्रवासवर्णन पहिल्या शतकाच्या मध्याच्या आसपासचं मानतात, त्यात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबं, कथील आणि शिसं यांची नावं आहेत, आणि त्याच ग्रंथात पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर तिथून पूर्वेला दहा दिवसांवर असल्याचं लिहिलंय. रोमन लेखक प्लिनी (मृत्यू इ. स. ७९) तर म्हणतो की भारतात तांबंही नाही आणि शिसंही नाही, हे लोक रत्नं आणि मोती देऊन ते घेतात. दोन्ही एकत्र वाचली की सगळं शिसं रोमन जहाजांतून आलं असं वाटतं, आणि जुन्या नाणेतज्ज्ञांपैकी बऱ्याच जणांनी ते तसंच धरलं. पण राजस्थानात जावर, दरिबा, आगुचा इथल्या शिसं-चांदीच्या खाणी इसवी सनाच्याही आधीच्या आहेत, आंध्रातही शिशाचे साठे आहेत, म्हणजे प्लिनीचं ‘भारतात नाहीच’ हे वाक्य टिकत नाही. तो स्वतः इकडे आला नव्हता, व्यापाऱ्यांकडून ऐकलेलं लिहीत होता हे विसरून चालणार नाही. अलीकडे शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच धातूचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, त्यांच्या प्रमाणावरून) खाण ओळखायचा प्रयत्न होतो, तो चांगलाच आहे, पण त्यात एक अडचण पळीवाल्याला लगेच कळते: शिसं भंगारात कधी जातच नाही, जुनी नाणी, तुटके तुकडे, गोळ्या सगळं परत त्याच भगुन्यात पडतं, आणि चार ठिकाणचं शिसं एकत्र वितळलं की नाणं त्या भगुन्याची साक्ष देतं, एका खाणीची नाही. त्यामुळे थोडं बंदरातून आणि थोडं देशातलं असं मिश्र मत जास्त सुरक्षित वाटतं.

कशाची पळी. लोखंड किंवा पोलाद. वितळलेल्या शिशात लोखंड जवळजवळ विरघळत नाही आणि शिसं लोखंडाला चिकटत नाही, हे एकच कारण पुरेसं आहे. नव्या पळीपेक्षा जराशी गंजकी, काळी पडलेली पळी बरी असं ओतणारे सांगतात, तेही खरं, गंजाच्या थरावर शिसं आणखीच टिकत नाही, उलटं केलं की कवडी होऊन खाली पडतं. कल्हई केलेली पळी मात्र नको. कल्हई म्हणजे कथील, ते २३२ अंशाला वितळतं, शिसं ३२७ ला, म्हणजे पळी बुडताच कल्हई सुटते आणि त्या जागी शिसं डाग दिल्यासारखं धरून बसतं. पितळेची पळी तर त्याहून वाईट, पितळेतलं जस्त शिशात उतरतं आणि दांडा डाग देऊन जोडलेला असला तर ओतता ओतता सांधाच निघायची भीती. अल्युमिनियम ६६० ला वितळतं त्यामुळे चालेल असं वाटतं, पण गरम झालं की मऊ पडतं आणि दांड्यातून ताप हातापर्यंत येतो. स्टीलची वाढायची पळी चालते, फक्त पत्रा पातळ म्हणून लवकर गार होते. बिडाची पळी ताप सगळ्यात जास्त धरते पण फरशीवर पडली तर तडकते.

जस्ताबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. बिदर १९५६ पर्यंत मराठवाड्याबरोबर हैदराबाद राज्यात होतं आणि बिदरी काम इकडे घरोघर माहीत, त्याचा धातू म्हणजे बहुतांश जस्त आणि त्यात थोडं तांबं. त्या कामाची पळी शिशात बुडवू नये. जस्त थोडंसं जरी मिसळलं तरी शिसं ताक घुसळताना लोणी यावं तसं गुठळ्यांचं होतं, साच्याचे कोपरे भरत नाही. गॅल्व्हनाइज्ड बादलीच्या पत्र्याची पळी बनवतात तीही याचसाठी चुकीची, वर तापवल्यावर जस्ताचा पांढरा धूर येतो तो वेगळाच. टायरवाल्याकडून चाकाची वजनं आणून वितळवतात त्यातही आता काही जस्ताची असतात, ती ४१९ अंशापर्यंत वितळत नाहीत आणि वर तरंगतात, भट्टी कमी ठेवली तर झाऱ्यानं काढून टाकता येतात.

आकार. साधी उघडी पळी, बाजूला चोच असलेली पळी, आणि तळातलं शिसं घेणारी पळी असे ढोबळ प्रकार. वितळलेल्या शिशावर हवेनं साय धरते, आधी रुपेरी, मग पिवळसर, मग निळी-जांभळी झाक मारते, ही साय म्हणजे शिशाची भस्मं, त्यातलंच एक मुरदाडशिंग. उघड्या पळीत ही साय धारेबरोबर साच्यात जाते आणि गोळीच्या अंगावर सुरकुती राहते. तळातून घेणाऱ्या पळीत (परदेशात रोवेल नावानं ओळखतात) चोचीची नळी आतून तळापर्यंत गेलेली असते, त्यामुळे खालचं स्वच्छ शिसं बाहेर येतं आणि साय वरच राहते. लायमन या परदेशी कंपनीच्या पद्धतीची पळी वरून अर्धी झाकलेली आणि एका बाजूला बोंडासारखी नळी असलेली असते, ती नळी साच्याच्या भोकावर टेकवायची, पळी आणि साचा दोन्ही मिळून आडवे-उभे फिरवायचे आणि दोन-चार सेकंद तसंच धरायचं. शिसं गोठताना साधारण साडेतीन टक्के आकसतं, वरून दाब असला तर ती तूट पळीतलं शिसं भरून काढतं, नाहीतर गोळीच्या बुडाशी खळगा पडतो.

बंदुकीच्या गोळीला हा खळगा चालत नाही कारण वजन बिघडतं. बारा बोअर म्हणजे काय तर नळीत बसणाऱ्या बारा गोल गोळ्यांचं मिळून एक पौंड, एकीचं वजन जवळजवळ ३८ ग्रॅम. भोकरदनजवळ असईला २३ सप्टेंबर १८०३ ला जी लढाई झाली तिथल्या इंग्रजी शिपायांच्या बंदुकीची गोळी साधारण ३२ ग्रॅमची, म्हणजे अर्ध्या किलोच्या पळीत हिशेबानं पंधरा गोळ्या. प्रत्यक्षात पळी अर्धी रिकामी झाली की उरलेलं शिसं गार होऊन घट्ट होतं, म्हणून एका ओतीला लागतं त्याच्या दोन-तीन पट मावेल अशी पळी घ्यावी आणि उरलेलं परत भगुन्यात टाकावं. देशी तोड्याच्या बंदुकांच्या नळ्या हातानं घडवलेल्या, एकीचं माप दुसरीला नाही, त्यामुळे जशी बंदूक तसा तिचा साचा. आज भारतात बंदुकीचा दारूगोळा बनवायला शस्त्र कायदा १९५९ खाली परवाना लागतो.

जाळ्याच्या गोळीला एवढी काळजी लागत नाही. नाथसागराच्या काठच्या भोयांकडे दोन पाकळ्यांचा लोखंडी साचा असतो, मधून तार घातलेली, तार ओढली की गोळीला भोक तयार. साचा आधी दिव्याच्या काजळीवर धरतात म्हणजे गोळी सुटते. चोच घरच्या घरीच पाडतात, पळी तापवून ऐरणीच्या शिंगावर काठ दोन ठोक्यांत दुमडला की झालं. उजव्या हाताच्या माणसाला चोच डावीकडे लागते, हे पळी हातात धरल्याशिवाय लक्षात येत नाही आणि डावखुऱ्यांची तर नेहमीच पंचाईत. दांडा हातभर, मागं बाभळीची मूठ.

वापर. पळी भगुन्यातच ठेवून शिशाबरोबर तापू द्यावी, गार पळी बुडवली तर तिच्यावर शिसं गोठून खरपुडी धरते. ओली पळी कधीच नाही. पाण्याचा थेंब शिशाखाली गेला की वाफ होऊन सोळाशे पटीच्या वर फुगतो आणि भगुनं उसळतं. प्रस्तुत लेखकानं एका पावसाळ्यात खुंटीवरची पळी पुसली म्हणून तशीच बुडवली, दांडा जिथं वाटीला जोडलेला असतो त्या सांध्यात पाणी होतं, मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक डाग अजून आहेत. साय आली की चिमूटभर मेण नाहीतर राळ टाकून ढवळायचं, बरंचसं भस्म परत शिसं होतं, उरलेली काळी राख झाऱ्यानं काढायची. ही राख अंगणात फेकू नये, फुंकू तर अजिबात नये, भट्टी बेताची ठेवली तर धुरापेक्षा खरा धोका या राखेच्या धुळीचा, आणि लहान पोरांना तो सगळ्यात जास्त. भट्टी साडेतीनशे ते चारशे अंशांच्या आत ठेवतात. जुन्या बॅटरीच्या प्लेटा मात्र घरी वितळवू नयेत, त्यात सल्फेट असतं, अँटिमनी, आर्सेनिक असतं आणि निघणारा वायू जिवावर बेतणारा.

काम झालं की पळी उलटी करून तशीच गार होऊ देतात, धूत नाहीत. ती गोठ्यात किंवा भट्टीजवळ टांगलेली बरी, काही घरांत मुठीला लाल रंगाचा पट्टा मारतात म्हणजे सणासुदीला पाहुण्यांतल्या कुणी चुकून फोडणीला उचलायला नको.