जागा न सोडणारे लोक (हवामान बदल)

समुद्र वर चढतोय, पूर येतायत, तरी गाव न सोडणाऱ्या लोकांच्या या प्रकाराला अभ्यासक अचलता म्हणतात. बरीच वर्षं सगळं लक्ष जाणाऱ्यांकडे होतं, राहणाऱ्यांना विचारतो कोण! स्थलांतराचा अभ्यासक योर्गेन कार्लिंगने २००२ मध्ये केप व्हर्द या बेटांच्या देशाबद्दल लिहिताना इच्छा असून जाता न येणं वेगळं काढलं, मग २०११ च्या ब्रिटिश सरकारच्या फोरसाइट रिपोर्टमध्ये पैशाअभावी धोक्यातच राहणारे 'अडकलेले' म्हणून आले. पण सगळेच काही अडकलेले नसतात, काहींना जायचंच नसतं, आणि कधीकधी एकाच घरात सासऱ्याला जायचं नाही नि सुनेला जायचंय पण जमत नाही, असं दोन्ही असतं.

गोव्यात हे बघायचं तर खाजनात. मांडवी-जुवारीच्या काठची ही भरतीच्या पातळीखालची शेतं, सुमारे १८ हजार हेक्टर, चिखलाचे बांध घालून खाडीकडून मिळवलेली. बांधात मानस म्हणजे पाण्याची वाट उघडणारं-मिटणारं दार असतं, त्याची लाकडी दारं भरतीचं पाणी ढकलतं तशी आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात, मोटर नाही की वीज नाही. आत कोरगूट, खारं सोसणारं भात. एवढं सगळं, आणि एका खेकड्याच्या बिळातून बांध जाऊ शकतो. बीळ लहान असताना बुजवायला कोणीतरी बांधावर फिरावं लागतं, पूर्वी ते गांवकारी (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) बघायची, कूळ कायद्यानंतर कुळांच्या संघटनांवर आलं, नि आता पोरं नोकरीला. म्हणून खाजनात एकट्याने राहायचं म्हटलं तरी राहता येत नाही, बांध शेजाऱ्याच्या शेताजवळ फुटला तरी खारं पाणी तुमच्या शेतात येतंच. पडीक शेतात मग खारफुटी उगवते, ती तोडायला कायद्याने बंदी, झालं, शेत परत येत नाही.

दुसरी गोष्ट मुंडकारांची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांची. घराखालची जमीन भाटकाराची (जमीनमालकाची), १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला हुसकता येत नाही, जागा विकतही घेता येते, पण हा हक्क तिथं राहण्यावरच टेकलेला. मामलतदाराकडे केस चालू असताना पाणी आलं म्हणून कोण उठून जाईल? (याला स्वेच्छा म्हणायचं की अडकणं, माझं तरी ठरत नाही.)

जुलै २०२१ मध्ये सत्तरी, डिचोलीत पूर घरात शिरला, मातीच्या भिंती बसल्या. पाणी उतरल्यावर लोकांनी गाद्या उन्हात टाकल्या, चिखल उपसला, आणि फ्रिज चार चिऱ्यांवर चढवून ठेवला.