घराचा प्लॅन सॉफ्टवेअरमध्ये काढताय? मग रेघेमागचे आकडे आधी समजून घ्या

हल्ली घराचा प्लॅन काढायला ड्रॉइंग बोर्ड लागत नाही. स्वीट होम थ्रीडी सारखं फुकट सॉफ्टवेअर डाउनलोड केलं की थोड्या वेळात चार भिंती, दारं, खिडक्या, सोफा सगळं उभं राहतं आणि थ्रीडीमध्ये घरात फिरताही येतं. हे खरंच भारी आहे आणि प्रत्येकाने करून बघावं असंच आहे. फक्त कागदावरची रेघ आणि स्क्रीनवरची रेघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधीच कळलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

कागदावरची रेघ म्हणजे रेघच. सॉफ्टवेअरमधली रेघ म्हणजे दोन टोकांचे आकडे, शून्यापासून इतके मिलिमीटर उजवीकडे, इतके वर, एवढंच. आपल्याला दिसतं ते त्या आकड्यांवरून त्या क्षणी काढलेलं चित्र असतं, झूम केलं की ते परत नव्याने काढलं जातं. कल्पना तशी जुनीच आहे. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात पीएचडीसाठी स्केचपॅड नावाचा प्रोग्राम केला, त्यात लाइट पेनने स्क्रीनवर रेघा काढता यायच्या आणि मुख्य म्हणजे या दोन रेघा समांतर ठेव, या दोन सारख्या लांबीच्या ठेव असं कॉम्प्युटरला सांगता यायचं. आजही गाभा तोच आहे, आकडे आणि नियम आपण द्यायचे, चित्र त्याने काढायचं. आकडा चुकला तर चित्र तेवढंच सुबक येतं, फक्त ते आपल्या घराचं नसतं.

म्हणूनच खरं काम सॉफ्टवेअर उघडायच्या आधी सुरू होतं, टेप घेऊन.

लोक भिंत तुकड्या-तुकड्याने मोजतात, कोपऱ्यापासून दार, मग दार, मग दारापासून खिडकी, मग खिडकी, असं करत शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. आता प्रत्येक वेळी टेप वाचताना २ मिलिमीटर इकडे-तिकडे होणारच, आणि पाच तुकडे असतील तर सगळ्या चुका एकाच बाजूला पडल्यावर १० मिलिमीटरचा फरक जमतो. त्यापेक्षा टेपचं टोक एकाच कोपऱ्याला धरून ठेवायचं आणि तिथूनच सगळी मापं घेत जायची, म्हणजे कुठलंही माप २ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत नाही कारण एकाची चूक दुसऱ्यात मिसळतच नाही. भिंत लांब असेल तर लेझर मीटर बरा, टेपला झोळ येतो आणि माप उगाच वाढतं.

दुसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. सॉफ्टवेअरमध्ये आयत काढला की चारही कोपरे बरोब्बर ९० अंशांचे होतात, पण खऱ्या खोल्या इतक्या नेमक्या नसतात. समजा खोली ४ मीटर बाय ३ मीटर आहे, कोपरे काटकोनी असतील तर दोन्ही कर्ण ५ मीटरच भरायला हवेत. पण कोपरा ९० ऐवजी ८९ अंशांचा असेल तर एक कर्ण साधारण ५.०४ मीटर भरेल आणि दुसरा ४.९६. एक अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, पण ४ मीटरच्या भिंतीच्या दुसऱ्या टोकाला तो ७० मिलिमीटर होतो. भिंतीला चिकटून बसणारं कपाट किंवा ओटा करायचा असेल तर मागे दिसणारी ती फट हीच. चार बाजू आणि दोन कर्ण हातात असले की खोली त्रिकोणांनी काढता येते: एक भिंत आखायची, तिच्या एका टोकावरून बाजूच्या भिंतीच्या मापाचं वर्तुळ, दुसऱ्या टोकावरून कर्णाच्या मापाचं वर्तुळ, दोन्ही छेदतात तिथे खरा कोपरा. बाजू ठरल्या की त्रिकोणाचा आकार बदलत नाही, चौकोनाचा बदलतो, म्हणून हे चालतं.

भिंतीच्या जाडीचंही तसंच. भिंत मध्यरेषेवरून काढायची की आतल्या बाजूने की बाहेरच्या, हे बहुतेक सॉफ्टवेअर विचारतं किंवा गुपचूप स्वतःच ठरवतं. आतून ३ मीटर मोजलेली खोली २०० मिलिमीटर जाडीच्या भिंतींनी मध्यरेषेवर काढली तर आतली जागा २.८ मीटरच उरते. पहिली खोली काढून झाली की लगेच आतलं माप घेऊन बघा. पुढे अख्खं घर झाल्यावर हे दुरुस्त करणं फार किचकट जातं.

आता प्रत्यक्ष काढताना. माउसने अंदाजाने क्लिक करणं बंद करा, लांबी टाइप करा. यामागे साधा हिशोब आहे, १२ मीटरचा प्लॅन स्क्रीनवर १२०० पिक्सेलमध्ये दिसत असेल तर एक पिक्सेल म्हणजे १० मिलिमीटर, म्हणजे डोळ्याला दोन भिंती चिकटलेल्या दिसतात तरी मध्ये बोटभर फट असू शकते. मग खोलीचं क्षेत्रफळ निघत नाही, फरशीचा पॅटर्न भरत नाही, आणि आपण सॉफ्टवेअरला नावं ठेवतो. खोली बंद झालेलीच नसते. यासाठीच स्नॅप असतो, तो चालू असला की कर्सर टोकाजवळ आल्यावर त्या टोकाचा साठवलेला आकडाच उचलतो, जवळपासचा नाही. टोक, मध्य, छेद आणि लंब हे चार स्नॅप चालू ठेवा. सगळेच चालू केले तर कर्सर नको तिथे उडी मारतो.

युनिट्सचा घोळही नेहमीचाच. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, हे १९५९ पासून ठरलेलं आहे. दुसऱ्याने दिलेली डीएक्सएफ फाइल (एका सॉफ्टवेअरमधलं ड्रॉइंग दुसऱ्यात न्यायची फाइल) उघडल्यावर घर अचानक पंचवीसपट मोठं किंवा छोटं दिसलं तर घाबरू नका, आकडे तेच आहेत, फक्त ते इंच की मिलिमीटर हे फाइलने सांगितलं नाही किंवा सॉफ्टवेअरने ऐकलं नाही. माहीत असलेल्या एका मापावरून सगळं स्केल केलं की झालं.

जुन्या प्लॅनचा फोटो खाली ठेवून त्यावरून ट्रेस करणार असाल तर स्केल लावताना, म्हणजे फोटोतलं एक अंतर खरं किती आहे हे सॉफ्टवेअरला सांगताना, सगळ्यात लांब माहीत असलेलं माप घ्या. ९०० मिलिमीटरच्या दारावरून स्केल लावताना क्लिक ५ मिलिमीटर चुकलं, तर तेच ९ मीटरच्या घरावर ५० मिलिमीटर होतं. ९ मीटरच्या भिंतीवरून लावलं तर चूक ५ वरच थांबते. आणि मोबाइलने तिरका काढलेला फोटो नको, त्यात जवळची बाजू मोठी आणि लांबची छोटी येते, स्कॅनर वापरा.

कधी कधी मॉडेल फिरवताना रेघा थरथरतात, पृष्ठभाग लुकलुकतात आणि लोकांना वाटतं कॉम्प्युटर गेला. बऱ्याचदा कारण असं असतं की जागेचा सर्व्हे नकाशा इम्पोर्ट केलेला असतो आणि त्याचे आकडे कुठल्या तरी शून्य बिंदूपासून शेकडो किलोमीटर लांबचे असतात. स्क्रीनवरचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड बहुधा जे आकडे वापरतं त्यात साधारण ७ अंकांपुरतीच अचूकता असते, त्यामुळे शून्यापासून १०० किलोमीटर लांब गेलं की मिलिमीटरमध्ये मोजताना त्याला ८-८ मिलिमीटरच्या पायऱ्यांनीच पुढे जाता येतं, मधली जागा त्याच्यासाठी नसतेच. घर उचलून शून्याजवळ आणा, थरथर थांबते. लुकलुक एकाच ठिकाणी असेल तर मात्र तिथे दोन पृष्ठभाग तंतोतंत एकावर एक बसलेत, एक काढून टाका.

लेयरबद्दल, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरांबद्दल, फार सांगण्यासारखं नाही. भिंती, फर्निचर, वायरिंग, मापं वेगळ्या लेयरवर ठेवा, नंतर दुवा द्याल.

थ्रीडी चित्राबद्दल मात्र सावध राहायला हवं. अख्खी खोली चित्रात मावावी म्हणून सॉफ्टवेअर बरेचदा कॅमेऱ्याचा कोन खूप रुंद ठेवतं, मग छोटी खोली हॉलसारखी लांबलचक दिसते. कोन ५० ते ६० अंशांवर आणा, कॅमेऱ्याची उंची उभ्या माणसाच्या डोळ्यांइतकी म्हणजे १.५ ते १.६ मीटर ठेवा, आणि जागा पुरते का हे चित्रावरून ठरवूच नका, ते प्लॅनमध्ये फर्निचर खऱ्या मापाचं ठेवून मोजा. दार उघडायला लागणारी जागाही आठवणीने बघा, ९०० मिलिमीटरचं दार उघडताना जवळपास ०.६४ चौरस मीटर फरशी अडवतं. प्रकाशाचंही तसंच आहे, रेंडरमध्ये (सॉफ्टवेअरने तयार केलेल्या फोटोसारख्या चित्रात) ऑटो एक्सपोजर, म्हणजे उजेड आपोआप कमी-जास्त करणं, चालू असेल तर अंधारी खोलीसुद्धा उजळ दिसते. खिडकी बदलून दोन पर्याय बघायचे असतील तर एक्सपोजर एकाच आकड्यावर ठेवा, नाहीतर तुलनाच होत नाही.

ऊन बघायचं असेल तर अक्षांश-रेखांश, टाइम झोन आणि उत्तर दिशा तिन्ही नीट द्यावी लागतात. उत्तर दिशा घरात होकायंत्र धरून घेऊ नका, स्लॅब-कॉलममधल्या लोखंडाने सुई हलते. सॅटेलाइट नकाशात घराच्या भिंतीचा कोन मोजणं जास्त भरवशाचं. मग २१ जून आणि २१ डिसेंबर, दोन्ही दिवस सकाळ ते संध्याकाळ चालवून बघा, या दोन टोकांच्या मध्येच वर्षभराचं ऊन येतं.

आणि एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो, घराच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत डिलीट केली की ती जाते, छत जागच्या जागी राहतं. त्याला आकार कळतो, वजन कळत नाही. ती भिंत वरचा भार घेते का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने प्रत्यक्ष येऊन बघायचं काम आहे, त्याच्याशिवाय हातोडा लावू नका.

शेवटी प्रिंट. सॉफ्टवेअरमध्ये घर नेहमी खऱ्या मापातच काढायचं, स्केल फक्त छापताना द्यायचं. १:५० ला १ मीटर कागदावर २० मिलिमीटर होतो, म्हणजे ए४ कागदावर, समास धरून, साधारण ९ बाय १३ मीटरचं घर मावतं. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये फिट टू पेज चालू असेल तर तो चित्र गुपचूप लहान करतो आणि कोपऱ्यात १:५० तसंच छापलेलं राहतं. म्हणून प्लॅनच्या कडेला १ मीटरची एक रेघ काढून ठेवा आणि छापून आल्यावर पट्टी लावा, २० मिलिमीटर भरली तरच तो कागद मिस्त्रीच्या हातात द्या.