एल्डन रिंगमध्ये जादू वापरणं म्हणजे चीटिंग? अजिबात नाही
एल्डन रिंग या अवघड व्हिडिओ गेमबद्दल किती वर्षं झाली हे ऐकतोय, की तलवार घेऊन रोल करत (म्हणजे लोळून फटके चुकवत) खेळलात तरच खरा गेमर, जादू किंवा स्पिरिट अ‍ॅशेस (लढताना मदतीला बोलावता येणारे आत्मे) वापरले की तो विजय मोजायचाच नाही. हे साफ चुकीचं आहे. हा गेम बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरच्या 2009 च्या डीमन्स सोल्स या आधीच्या गेममध्येच जादू होती, म्हणजे ही नंतर घुसवलेली सोय नाही, मूळ डिझाइनच तसं आहे.

आणि जादू फुकट मिळते असं वाटतं का? एल्डन रिंगमध्ये जास्तीत जास्त 14 फ्लास्क, तेच लाल (तब्येत भरणारे) आणि निळे (जादूची शक्ती भरणारे) यांत वाटून घ्यायचे, निळे वाढवले की तब्येत भरायला कमी उरतात, त्यात स्पेल टाकताना स्टॅमिना जातो आणि लेव्हल्स जादूसाठी लागणाऱ्या इंटेलिजन्समध्ये गेल्यामुळे हेल्थ कमी, म्हणून बॉस अंगावर आला की दोन फटक्यांत खेळ खल्लास. अ‍ॅशेस तर सगळीकडे बोलावताही येत नाहीत.

खुद्द डायरेक्टर हिदेताका मियाझाकींनी 2024 मध्ये सांगितलंय की ते गेममधली मिळेल ती मदत वापरून खेळतात. त्यामुळे नवीन कोणी स्टाफ (जादूची काठी) घेऊन खेळत असेल तर प्लीज त्याला हिणवू नका, खेळू द्या त्याला.