अब्ज आणि बिलियन : एका संख्येच्या नावाची पार्श्वभूमी

दहाचा नववा घात, म्हणजे १,००,००,००,००० ही संख्या मराठीत अब्ज म्हणून ओळखली जाते. तिचे मूळ अवयव पाडले तर दोन आणि पाच प्रत्येकी नऊ वेळा येतात. त्यामुळे तिला १०० विभाजक आहेत आणि ती एक हजाराचा घन आहे, पण कोणत्याही पूर्ण संख्येचा वर्ग नाही. ती स्वतः वगळून उरलेल्या ९९ विभाजकांची बेरीज १,४९,७५,५८,३३८ भरते, म्हणजे संख्येच्या जवळपास दीडपट. इथवर मतभेदाला जागा नाही; मतभेद आहेत ते नावाबद्दल.

बाराव्या शतकातील संस्कृत गणितग्रंथात कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व अशी दर पायरीला दसपट होणारी नावे येतात. मराठीने अब्ज आणि खर्व त्याच जागी राखले. हिंदीत मात्र अर्बुदाचा 'अरब' एक पायरी वर सरकून अब्जाच्या जागी बसला आणि 'खरब' शंभर अब्जांवर गेला. खर्व आणि खरब एकच मानून केलेले भाषांतर त्यामुळे दसपट चुकते.

'बिलियन'चा गुंता याहून मोठा आहे. फ्रान्समधील १४८४ च्या एका हस्तलिखितात हा शब्द दशलक्षाच्या दशलक्षपटीसाठी, म्हणजे दहाच्या बाराव्या घातासाठी आला होता. पुढे फ्रान्समध्येच त्याला दहाच्या नवव्या घाताचा अर्थही मिळाला आणि अमेरिकेने तोच उचलला. १९४८ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत युरोपीय देशांसाठी जुन्या अर्थाची शिफारस झाली आणि १९६१ मध्ये फ्रान्स अधिकृतपणे त्याकडे परतला. ब्रिटनने मात्र १९७४ मध्ये उलट वाट धरली : यापुढे सरकारी कामकाजात बिलियन म्हणजे एक हजार दशलक्ष, असे पंतप्रधानांनी संसदेत स्पष्ट केले. व्यवहारात हा निर्णय सोयीचा होता हे मान्य केले, तरी दशलक्षाचा दुसरा घात हा शब्दाच्या घडणीतला अर्थ त्याने पुसला, आणि हे नुकसान लहान नाही. पोर्तुगालने जुना अर्थ सोडलेला नाही. तेथील 'बिलियांव' दहाचा बारावा घात असल्याने त्याला १६९ विभाजक आहेत, आणि तो दहा लाखांचा वर्ग तसाच दहा हजारांचा घनही आहे. लंडनमध्ये जो शब्द वर्गसंख्या दाखवत नाही, तोच लिस्बनमध्ये दाखवतो.

गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज शाळांतून अंकगणित शिकलेली पिढी अजून आपल्यात आहे. आमचे एक वयोवृद्ध शेजारी आजही अब्जाला 'मिल मिल्योंयश', म्हणजे हजार दशलक्ष, म्हणतात आणि कागदावर १.०००.०००.००० असे दर तीन अंकांनी टिंब देऊन लिहितात; त्याच मेजावर त्यांची नात १,००,००,००,००० लिहिते. इंग्रजी पुस्तकांतून आलेला बिलियन या घरात दोन वेगवेगळ्या संख्या सांगतो. मराठी मजकुरात तो जसाच्या तसा घेणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते, कारण हजारपटीची चूक वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. राज्याचा वार्षिक अर्थसंकल्प आज वीस हजार कोटींपलीकडे गेला आहे. वीस हजार कोटी म्हणजे दोनशे अब्ज. इंग्रजीत ते दोनशे बिलियन होतात, तर पोर्तुगीजमध्ये ती रक्कम एका बिलियांवचा जेमतेम पाचवा हिस्सा ठरते.