फुलणारी गोळी आणि फुटणारी गोळी

टेक्सासमधल्या बंदुकीच्या दुकानात काडतुसांची दोन खोकी शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. दोन्हींवर .२२३ रेमिंग्टन हे काडतुसाच्या मापाचं नाव लिहिलेलं, दोन्हींत ५५ ग्रेन वजनाची गोळी, दोन्हींच्या टोकाला रंगीत प्लास्टिकची चोच. डुकरांच्या शिकारीला पहिल्यांदाच निघालेला माणूस विचारतो, "आरपार जाणार नाही अशी कुठली?" आणि सोबतचा कुणीतरी सांगतो, "ती फुटणारी घे, आतच विरते." सल्ला मनापासून दिलेला असतो. तरीही मला तो चुकीचा वाटतो.

हा प्रश्न इथे रोजचा आहे. टेक्सासात मोकाट डुकरांची संख्या २६ लाखांच्या घरात असल्याचा अंदाज नेहमी दिला जातो, आणि १ सप्टेंबर २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर त्यांच्या शिकारीला परवानाही लागत नाही. त्यामुळे नवशिके पुष्कळ, त्यांत ऑस्टिन-ह्यूस्टनकडची आपली मंडळीही आली. ही डुकरं म्हणजे आपल्या कोकण-विदर्भातलं रानडुक्कर नव्हे. आपलं रानडुक्कर मूळचं तिथलंच, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. टेक्सासातली डुकरं स्पॅनिश लोकांनी आणलेल्या पाळीव डुकरांची वंशज. पुढे १९३० च्या दशकात शिकारीसाठी युरोपी रानडुकरं आणून सोडली, ती त्यांच्यात मिसळली.

ती टोळीनं फिरतात. एका मादीवर नेम धरावा तर तिच्या मागे दुसरी मादी आणि पिल्लं. त्यामागे कुंपण, कुंपणापलीकडे शेजाऱ्याची गुरं, आणखी पुढे रस्ता. .२२ सारखी छोटी गोळीसुद्धा दीड-दोन किलोमीटर सहज जाते. म्हणून गोळी आरपार गेली तर पुढे काय, हा विचार बार काढायच्या आधीच करावा लागतो.

सैनिकी पद्धतीची, तांब्याच्या जॅकेटनं म्हणजे वेष्टनानं टोकापर्यंत झाकलेली गोळी या कामाला नको, यावर सगळ्यांचं एकमत आहे. ती आपला आकार फारसा न बदलता बारीक भोक पाडून बाहेर पडते. टोक उघडं ठेवलेली, आत गेल्यावर पसरणारी गोळी प्रसिद्ध झाली ती कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यामुळे, 'दमदम गोळी' हा शब्द तिथूनच आला. अशी गोळी क्रूर ठरवून १८९९ च्या हेग परिषदेनं ती युद्धात निषिद्ध केली. शिकारीत न्याय उलटा आहे. जनावर रेंगाळत मरू नये म्हणून इथे पसरणारीच गोळी हवी. प्रश्न उरतो तो पसरण्याच्या प्रकाराचा, फुटून की फुलून.

फुटणारी गोळी, तिला इथे व्हार्मिंट गोळी म्हणतात, बनवली गेली प्रेअरी डॉगसारख्या, खारीच्या कुळातल्या छोट्या प्राण्यांसाठी. तिचं जॅकेट पातळ, आतलं शिसं मऊ. सेकंदाला साडेनऊशे मीटरहून जास्त वेगानं ती कशालाही लागली की तिचे तुकडे होतात. जमिनीवर आपटली तरी बहुधा भुगा होतो, उसळी मारून पुढे जायचा धोका कमी. मोकळ्या माळावर, छोट्या जनावरासाठी यापरती चांगली गोळी नाही, आणि तिची ख्याती तिथूनच पसरली.

डुक्कर मात्र खारीएवढं नसतं. मोठ्या नराच्या खांद्यावर, कातडीखाली, चिवट कुर्चेसारखी जाड ढाल असते. नर एकमेकांना सुळे मारतात त्यापासून बचावासाठी ती वाढते. शिवाय हरणाच्या मानानं डुकराचं हृदय पुढे आणि खाली, पुढच्या दोन पायांच्या मधोमध असतं. तिथे पोचायचं तर गोळीला ढाल आणि खांद्याचं हाड ओलांडावंच लागतं. मी एका नरावर अशीच फुटणारी गोळी झाडली होती. तो खाली बसला, उठला आणि मेस्किटच्या झुडपांत शिरला. दोन तासांनी सापडला तेव्हाही जिवंत होता. सोलल्यावर दिसलं, खांद्यावर तळहाताएवढी उथळ जखम, मांसात तांब्याचे कपचे रुतलेले, आणि फासळ्यांच्या आत काहीच नाही. गोळी आरपार गेली नव्हती, कारण ती आतच गेली नव्हती. त्या जनावराचे ते दोन तास माझ्या डोक्यातून जात नाहीत.

ही अडचण नवी नाही. १९४६ साली कॅनडात जॉन नॉस्लर या अमेरिकी शिकाऱ्याची वेगवान गोळी एका मूसच्या, म्हणजे तिथल्या प्रचंड हरणाच्या, चिखलानं माखलेल्या कातडीतून नीट आत पोचलीच नाही. त्यातून त्यानं दोन कप्प्यांची पार्टिशन गोळी बनवली. मध्ये तांब्याची भिंत, पुढचं शिसं पसरतं, मागचं अखंड राहून आत शिरतं.

फुलणारी गोळी याच घराण्यातली. जॅकेट जाड, शिसं जॅकेटला चिकटवलेलं, किंवा गोळी अख्खी तांब्याचीच. लागल्यावर तिचं टोक अळंबीसारखं उमलतं आणि रुंदी दुपटीच्या आसपास जाते. रुंद झाल्यामुळे तिला अडथळा वाढतो आणि वेग झपाट्यानं पडतो, तरी ती एकसंध राहते. ग्रेन हे वजन आपल्याला परकं नाही. इंग्रजांनी १८३३ साली तोळा १८० ग्रेनचाच ठरवला होता, आणि तोळ्याचे बारा मासे, म्हणजे एक मासा १५ ग्रेनचा. त्या हिशेबानं .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी पावणेचार माशांहून थोडी कमी, आणि त्याहून मोठ्या .३०८ काडतुसाची १५० ग्रेनची बरोबर दहा मासे. अशी एक दहा माशांची गोळी मला पलीकडच्या बाजूच्या कातडीखाली सापडली. बोटांनी चाचपली तर आवळ्याच्या बीसारखी टणक लागली. सुरीनं कातडं चिरलं तेव्हा चार पाकळ्या उलगडलेलं तांबं हातात आलं, मधे करडं शिसं. ती दोन्ही फुप्फुसांतून गेली होती, आणि डुक्कर वीस पावलांवर पडलं होतं.

दर वेळी असं होत नाही. लहान डुकरातून फुलणारी गोळी बाहेर पडते, अख्ख्या तांब्याची तर बऱ्याचदा. फरक इतकाच की बाहेर पडताना तिच्यातली बरीच ताकद खर्च झालेली असते. तरीही ती माणसाला मारू शकते, हे गृहीत धरूनच वागावं.

खोक्यावरची आणखी दोन नावं फसवतात. 'मॅच', म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठीची, असं लिहिलेल्या गोळीच्या टोकाला बारीक भोक दिसतं, पण ते जॅकेट मागून पुढे ओढून घडवल्यामुळे उरलेलं असतं. ती अचूकतेसाठी बनवलेली, फुलेल याची खात्री नाही. दुसरं, .३०० ब्लॅकआउटची ध्वनीपेक्षा हळू जाणारी काडतुसं. नेहमीची फुलणारी गोळी त्या वेगाला उघडतच नाही, बंद कळीसारखी आरपार जाते. कमी वेगासाठी मुद्दाम बनवलेली असेल तरच घ्यावी.

तेव्हा माझी निवड फुलणारी, जनावराला शोभेल इतक्या वजनाची. पलीकडचं रक्षण मी गोळीवर सोपवत नाही, ते काम मातीचं. मचाणावरून खाली झाडलेली गोळी जनावरातून निघाली तरी जवळच जमिनीत घुसते. सपाट रानात उभं राहून झाडलेली कुठवर जाईल, सांगता येत नाही. टोळीत नेम धरलेलं जनावर आडवं आणि एकटं होईपर्यंत मी थांबतो, मग पूर्ण टोळी निघून गेली तरी चालेल. रात्रीच्या, उष्णता टिपणाऱ्या थर्मल दुर्बिणीत डुक्कर लख्ख पांढरं दिसतं, पण त्यामागे टेकाड आहे की उतार, हे नीट कळत नाही. म्हणून मी दुपारीच जाऊन मचाणावर बसतो, कुठल्या दिशेला मातीचा बांध आहे आणि कुठे शेजाऱ्याच्या घराचं छप्पर दिसतं ते बघून ठेवतो, आणि मचाणाच्या कठड्याला दोन चिंध्या बांधतो. अंधारात नळी त्या दोन चिंध्यांच्या मधे नसेल, तर घोड्यावर बोट जात नाही.