उळुंदंकळी

उळुंदंकळी हा तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडच्या, विशेषतः तिरुनेलवेली, तूत्तुक्कुडी आणि कन्याकुमारी या जिल्ह्यांतल्या घरांतला गोड पदार्थ. सालासकट काळे उडीद, थोडे तांदूळ, ताडगूळ आणि तिळाचे तेल एवढ्या जिनसांत तो होतो. तमिळमध्ये ‘उळुंदु’ म्हणजे उडीद आणि ‘कळी’ म्हणजे उकळत्या पाण्यात पीठ घोटून केलेला घट्ट गोळा. तेच पातळ ठेवले की त्याला ‘कूळ’ म्हणतात. मोदकाची उकड डोळ्यांपुढे आणली तर पोत बराचसा कळतो, मात्र रंग गडद तपकिरी आणि अंगावर तेलाची चकाकी.

चव गोड असली तरी कळीला मिठाईच्या ताटात जागा नाही. ती खाऊ घालायची असते. मुलीला न्हाण आले की ‘मंजळ नीराट्टु’ म्हणजे हळदीच्या पाण्याने न्हाऊ घालण्याचा सोहळा होतो. त्या दिवसांत घरात कळी शिजते, नात्यातल्या बायकाही करून आणतात. न्हाण आलेल्या मुलीला मखरात बसवण्याची जुनी चाल मराठी घरांतही होतीच. बाळंतिणीलाही कळी देतात; आपल्याकडच्या डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांचा मान तिकडे हिला आहे. उडदाने कंबर आणि कंबरेची हाडे बळकट होतात, ही यामागची समजूत.

पोषणाच्या बाजूने पाहिले तर शंभर ग्रॅम कोरड्या उडदांत साधारण 22 ते 25 ग्रॅम प्रथिने असतात. डाळीत कमी पडणारी मेथिओनीन आणि तांदळात कमी पडणारी लायसिन ही अमिनो आम्ले एकमेकांची उणीव भरून काढतात. इडलीतही हीच जोडी आहे. इथे फक्त प्रमाण उलटे, उडीद तांदळाच्या तिपटी-चौपटीने. तिळाच्या तेलातून कॅल्शियम मिळते असे मात्र समजू नये. ते तिळात असते, तेलात जवळजवळ उतरत नाही. तेलाचे काम उष्मांकांचे, आणि चवीचे तर नक्कीच.

उडीद आणि तांदूळ वेगवेगळे खमंग भाजून बारीक दळतात. एका वाटी पिठाला साधारण तेवढाच ताडगूळ आणि अडीच-तीन वाट्या पाणी लागते. ताडगुळात कचरा आणि वाळूचे कण असायचेच, म्हणून तो विरघळवून गाळून घेतात. पाण्याला उकळी आली की एका हाताने पीठ सोडत दुसऱ्या हाताने घोटत राहायचे. इथे हात थांबला तर गुठळ्या झाल्याच. मग मंद आचेवर थोडे थोडे तेल घालत गोळा कडा सोडेपर्यंत हलवतात. ओल्या बोटाला चिकटला नाही की शिजला. सुंठ आणि वेलदोडा घरच्या आवडीप्रमाणे. वाढताना मधे खळगा करून त्यात आणखी तेल ओततात. नवख्याला ते फार वाटते, पण तेलावाचून ही कळी घशाखाली उतरत नाही. या तेलाला तमिळमध्ये ‘नल्लेण्णै’, चांगले तेल, म्हणतात. ‘एण्णै’ हा शब्दच ‘एळ्’ म्हणजे तीळ आणि ‘नेय्’ म्हणजे तूप यांवरून आलेला. आपले ‘तेल’ही तिळावरूनच निघाले.

कळीचा खरा कस लागतो तो ताडगुळात, म्हणजे ‘करुप्पट्टी’त. ताडाचा रस आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात आणि तो रस आटवून नारळाच्या करवंट्यांत ओततात. म्हणून ढेपा अर्ध्या वाटीच्या आकाराच्या. तूत्तुक्कुडी जिल्ह्यातल्या लाल वाळूच्या मुलखातले उडनगुडी यासाठी नावाजलेले, आणि तिथल्या करुप्पट्टीला 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ताडावर चढणारे कमी झाले तसा साखर मिसळलेला ताडगूळ बाजारात वाढला. त्याची कळी गोड लागते, पण करुप्पट्टीचा किंचित खारट, धुरकट स्वाद तिला येत नाही.

कळीचे इतर प्रकारही आहेत. मेथीची ‘वेंदयक्कळी’ थंडावा देणारी म्हणून उन्हाळ्यात करतात. तांदूळ, मुगाची डाळ आणि गुळाची ‘तिरुवादिरैक्कळी’ मार्गळी महिन्यातल्या आर्द्रा नक्षत्राला नटराजाच्या नैवेद्याला असते. नाचणीची कळी गोड नसते, ती रोजच्या जेवणातली.