नळीभर रक्तातून डोळ्याचा पडदा

घरातल्या मुलाला आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोझा हा डोळ्याचा आनुवंशिक आजार, आहे असं कळलं की एक प्रश्न हमखास येतो: नेत्रदानातला डोळा याला का बसवत नाहीत? बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका आजींनी तो मला फार तळमळीने विचारला होता. नातू रात्री गरब्याहून परतताना मैदानावरच्या लखलखाटातून अंधाऱ्या गल्लीत शिरला की भिंत चाचपडत चालतो. आजी म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. यातला एक त्याला द्या म्हणावं डॉक्टरांना." या प्रश्नाला नीट उत्तर मिळायलाच हवं.

नेत्रदानातून बसवला जातो तो कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या बाजूची पारदर्शक काच. आरपीत खराब होतो तो आतला, मागचा पडदा: रेटिना. हा पडदा गर्भात मेंदूतूनच फुटतो आणि पुढे आयुष्यभर दहा लाखांहून अधिक तंतूंनी मेंदूला जोडलेला असतो. हे तंतू एकदा कापले की पुन्हा जोडता येत नाहीत. म्हणून अख्खा डोळा बदलून दृष्टी परत आणता येत नाही.

याच नाजूकपणामुळे संशोधकांचीही कोंडी झाली होती. यकृताचा किंवा त्वचेचा बारीक तुकडा काढून तपासता येतो. पाहणाऱ्या डोळ्याच्या पडद्याचा तुकडा कोण काढू देईल? उरले उंदीर आणि मृत्यूनंतर दान मिळालेले डोळे. उंदराच्या पडद्यात आपल्यासारखा पीतबिंदू नसतो. वाचायला, चेहरा ओळखायला आपण वापरतो तो नेमका भाग. आणि दान मिळालेल्या डोळ्यात आजाराने आपलं काम आधीच संपवलेलं असतं. सुरुवात कुठून झाली, आधी कोणती पेशी मेली, हे तिथे दिसत नाही.

वाट सापडली ती डोळ्यापासून फार दूर, जपानमधल्या क्योतो विद्यापीठात. आपल्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण त्वचेची पेशी त्यातली आपल्या कामाचीच वापरते. बडोद्याच्या मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत सगळी पुस्तकं असावीत आणि एका वाचकाला दोनच कपाटांच्या किल्ल्या मिळाव्यात, तसं. बाकीची कपाटं उघडता येतील का, हे शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी शोधायला घेतलं. गर्भाच्या पेशींत जोमाने काम करणारी २४ जनुकं त्यांनी निवडली. ती सगळी एकदम उंदराच्या त्वचेच्या पेशींत घातली, तेव्हा काही पेशी खरोखरच गर्भावस्थेसारख्या झाल्या. मग एकेक जनुक वगळून पाहिलं. कशाच्या वाचून काम अडतं ते तपासत तपासत शेवटी चारच जनुकं उरली. हे २००६ मध्ये. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवरही ते साधलं आणि २०१२ मध्ये यामानाकांना नोबेल मिळालं. त्यांच्याबरोबर गौरव झाला तो जॉन गर्डन यांचा. पक्व पेशीचं केंद्रक पुन्हा सुरुवातीपासून नवा जीव घडवू शकतं, हे त्यांनी १९६२ मध्ये बेडकांवर दाखवलं होतं. मला या कामातलं सगळ्यात सुंदर काही वाटत असेल तर ती वगळण्याची साधी पद्धत. फार अवघड प्रश्न, आणि त्याला इतका शांत, चिकाटीचा उपाय.

आता थोडं रक्त घेतलं तरी पुरतं. त्यातल्या पेशी गर्भावस्थेकडे माघारी नेऊन मूलपेशी, म्हणजे हव्या त्या प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या पेशी, बनवायच्या आणि डोळा घडताना गर्भात जे रासायनिक इशारे मिळतात ते त्यांना ठरावीक क्रमाने द्यायचे. काही आठवड्यांनी काचेच्या बशीत तपकिरी ठिपके दिसू लागतात. या रंगद्रव्य पेशी. पडद्याच्या मागे त्यांचा एकच थर असतो आणि तोच प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा सांभाळ करतो. प्रकाशपेशींची टोकं रोज झिजून गळतात आणि रंगद्रव्य पेशी ती गिळून साफ करतात. काही जातींच्या आरपीत ही सफाईच थांबते. रुग्णाच्या रक्तातून वाढवलेल्या पेशींपुढे अशी गळलेली टोकं ठेवून त्या ती गिळतात की नाही, हे आता सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतं.

मूलपेशींचा गोळा योग्य द्रवात वाढवला तर तो आपण होऊन डोळ्याच्या पेल्यासारखा दुमडतो. योशिकी सासाई यांनी २०११ मध्ये उंदराच्या पेशींवर हे दाखवलं. माणसाच्या पेशींचे असे इवले पडदे तयार व्हायला कित्येक महिने लागतात, कारण गर्भातही तेवढेच लागतात. त्यांचा उपयोग किती खोल जातो याचं एक उदाहरण. सीईपी२९० या जनुकातल्या एका दोषाने मूल जन्मतःच जवळपास अंध असतं, पण त्याची बाकीची इंद्रियं बहुधा ठीक असतात. असं का? रुग्णांच्या पेशींतून असे पेले वाढवल्यावर दिसलं की त्या दोषाचा फटका त्वचेच्या पेशींपेक्षा प्रकाशपेशींना कितीतरी जास्त बसतो. त्याच पेल्यांवर एका औषधाचा परिणामही तपासला गेला. पुढे रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत त्या औषधाला ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही. तेही सांगायलाच हवं. बशीतल्या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, तो मेंदूला जोडलेला नसतो आणि वयाने कोवळा असतो.

आपल्या लोकांसाठी यात वेगळं महत्त्व आहे. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत अनेक मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. शेजारच्या गुजराती कुटुंबांना ती चमत्कारिक वाटते. आरपी ८०हून अधिक जनुकांतल्या दोषांनी होऊ शकते, आणि त्यातले बरेच दोष आईवडील दोघांकडून आले तरच आजार दिसतो. नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते. तसं असेल तर प्रत्येक मुलाला चारात एक इतका धोका. हा कुणाचा अपराध नाही आणि त्याची लाज बाळगायचं कारण नाही. पण युरोपातल्या रुग्णांच्या पेशींवर उभं राहिलेलं ज्ञान आपल्या घरांतल्या दोषांना लागू पडेलच असं नाही. त्यासाठी आपल्या रुग्णांच्या पेशी अभ्यासात यायला हव्यात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत हे काम चालतं.

उपचार कुठवर आले? २०१४ मध्ये कोबे इथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरीतल्या एका बाईंच्या त्वचेतून रंगद्रव्य पेशींचा थर वाढवून त्यांच्याच डोळ्यात बसवला. आजार होता उतारवयातल्या पीतबिंदूच्या ऱ्हासाचा. वर्षभराने तो थर टिकून होता. नजर सुधारली नाही, ढासळलीही नाही. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळले आणि शस्त्रक्रिया थांबवली गेली. ते थांबणं मला त्या यशाइतकंच मोलाचं वाटतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेत कपिल भारती यांच्या गटाच्या चाचणीत २०२२ मध्ये रुग्णाच्या रक्तातून बनवलेला असा थर पहिल्यांदा बसवला गेला. भारती यांनी बायोटेक्नॉलॉजीची पदव्युत्तर पदवी घेतली ती आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून.

या सगळ्या अजून चाचण्या आहेत. तरीही "स्टेम सेलचं", म्हणजे मूलपेशींचं, "इंजेक्शन" पैसे घेऊन देणारे भेटतात. फ्लोरिडात तीन स्त्रियांना चरबीतून काढलेल्या पेशींची इंजेक्शनं दोन्ही डोळ्यांत एकदमच दिली गेली आणि त्यांची दृष्टी गंभीरपणे गेली. हे २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर छापून आलं. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत, दोन्ही डोळ्यांना एकाच दिवशी हात लावत नाहीत, आणि भारतात तिची नोंद सरकारी नोंदवहीत असते. ती मागून पाहावी.

आजींच्या नातवासाठी आज करण्यासारखं एक काम आहे: जनुकीय तपासणी. आरपीई६५ हे जनुक बिघडलेल्यांसाठी २०१७ मध्ये अमेरिकेत जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली, पण तो उपयोगी पडतो पडद्यातल्या पेशी पुरेशा जिवंत असतानाच. कोणतं जनुक बिघडलं आहे हे कळलं तरच त्याच्यासाठी असा उपचार किंवा चाचणी शोधता येते. तपासणीला जाताना आजोळची आणि वडिलांकडची, दोन्ही घराण्यांतली कोणाकोणाला रातांधळेपणा होता याची यादी बरोबर न्यावी.